मेलेल्या ओळीतली तीन झाडं

विद्यापीठावर लिहा, असा निरोप आला तेव्हा वाटलं, चुकून माझा फोन लागला असावा. मी सातवी पास. तेही कसाबसा. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत उभ्या आयुष्यात चारदा गेलो असेन, त्यातले दोनदा बियाण्याची पोती उतरवायला. पदवीदान समारंभ बघितला तो मंडपाच्या मागून, कारण खुर्च्या आम्हीच मांडल्या होत्या आणि उचलायच्याही आम्हीच होत्या. हे सगळं मी कळवलं. संपादक म्हणाले, "एकतीस वर्षं तिथं काढलीत ना? मग तुम्हाला दिसलं तेवढं लिहा."

मला दिसलं ते असं. विद्यापीठ म्हणजे अर्ध्या एकराचा एक तुकडा, जिथं तूर दरवर्षी मरते. मरते म्हणजे मुद्दाम मारली जाते, आणि ती नीट मरावी म्हणून पगारी माणसं ठेवलेली असतात. मी त्यातला एक होतो.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा, धानाच्या मुलखातला. शाळा कोणी सोडवली नाही, मीच सोडली. परीक्षेला बसलं की माझे हात लटपटायचे आणि येत असलेलंही विसरायचं. आठवीत दोनदा पेपर अर्धा टाकून घरी पळून आलो, तिसऱ्यांदा गेलोच नाही. पुढं मेव्हण्याबरोबर जालन्याला सळईच्या कारखान्यात आलो. तिथं लालबुंद सळई सापासारखी सळसळत यायची. आठ दिवसांत मला भट्टीची स्वप्नं पडायला लागली. मेव्हणा म्हणाला, "तू भित्रा आहेस, तुला शेतीच बरी." मंठ्याच्या रस्त्याला विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथं रोजंदारीवर माणसं घेतात, असं त्याला कुणी सांगितलं होतं. सव्विसाव्या वर्षी त्या फाटकातून मी आत गेलो. घरापासून एक रात्र आणि वर अर्धा दिवस लांब. त्या केंद्रानं मला घर दिलं, माझी दोन लेकरं पदवीधर केली. त्यामुळं पुढं जे लिहितो त्यात तक्रार शोधू नये.

पहिल्या दिवशी मुकादमांनी मला केंद्र फिरवून दाखवलं. त्यांना सगळे खरात मामा म्हणत. उंच, काळेसावळे, खाकी टोपी आणि खिशात कायम दोन पेन्सिली. जुन्या दगडी गोदामापाशी ते थांबले. दरवाजावर उर्दू अक्षरं कोरलेली होती.

"वाचता येतं का, पाव्हणं?"

"नाही."

"मला येतं. दोन इयत्ता उर्दूत शिकलो मी, निजामाच्या टायमाला. लिहिलंय, गल्ल्याचं, म्हंजी धान्याचं गोदाम. माझा बाप इथंच पाणक्या होता. बैलांना पाणी पाजायचा, पण त्या समोरच्या बारवंतलं सोताला पेता येत नव्हतं." त्यांनी कमरेचा जुडगा काढून दाखवला. "आता पंपाची किल्ली माझ्याकडं हाय."

केंद्राचा इतिहास मला असा कळला. आधी निजामाचं शेत, मग सरकारी फार्म, आणि आपल्या भागाला शेतीचं विद्यापीठ पाहिजे म्हणून लोकांनी आवाज उठवला, त्यानंतर विद्यापीठाचं केंद्र. पाट्या दोनदा बदलल्या. मामा म्हणायचे, "शास्त्रज्ञ बदलीवर येतेत अन् जातेत. माती अन् आपण जागेवर राहतो. म्हणून सांगायचं आपण."

मग त्यांनी मला मर प्लॉट दाखवला.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. तुरीला मर नावाचा रोग येतो. झाड फुलावर, शेंगेवर आलं की एक दिवस माना टाकतं, आणि चार दिवसांत वाळून उभं राहतं. खोड चिरून बघितलं तर आत काळ्या रेघा दिसतात. रोग हवेत नसतो, मातीत असतो, बुरशी असते ती. औषध मारून तो जात नाही. उपाय एकच, ज्या वाणाला मर लागत नाही तो शोधायचा. पण तो शोधायचा कसा? त्यासाठी आधी हमखास रोगी माती लागते. म्हणून एका तुकड्यात वर्षानुवर्षं तुरीवर तूरच घ्यायची, मेलेली झाडं उपटून फेकायची नाहीत, उलट त्यांचे तुकडे करून तिथंच गाडायचे. लोक जसं दह्याचं विरजण सांभाळतात तसं आम्ही मर सांभाळायचो. त्या तुकड्यातलं खुरपं दुसरीकडं नेलं तर मामा हातावर मारायचे. बाहेर पडताना पाय धुवायचे, देवळात जाताना धुतो तसे. इथं फक्त उलटं, देव मागं ठेवून यायचं.

या मातीत दोनशे निरनिराळ्या वाणांच्या ओळी पेरायच्या. मध्ये मध्ये एक ओळ अशा जातीची, जी मरेला पहिल्याच झटक्यात बळी पडते. तिला चेक म्हणतात. चेक पूर्ण मेला तर समजायचं की माती सगळीकडं सारखी रोगी आहे, आणि शेजारी जी ओळ जगली ती स्वतःच्या दमावर जगली. चेक जिवंत राहिला तर शेजारच्या ओळीच्या जगण्याला काही अर्थ नाही. आमच्या आनंदाचा दिवस म्हणजे चेक मेल्याचा दिवस.

शिवार फेरीला शेतकरी आले की हे बघून चिडायचे. एकजण केदारखेड्याकडचे, पांढरं धोतर, मोठ्या मिशा. मर प्लॉटच्या बांधावर उभे राहून म्हणाले, "पगार घेता अन् तूर मारून राह्यले? आमची आम्हीच मारतो की फुकटात!" बरोबर पिशवीत त्यांनी स्वतःच्या शेतातलं एक वाळलेलं झाड मुळासकट आणलं होतं, माती सांडत. आमच्या शास्त्रज्ञ शिंदे मॅडम धावतच आल्या.

"काका, आत नका येऊ! ते झाड तिथंच धरा!"

"आता काय झालं? तुमच्याकडं समदी मेलेलीच हायेत. माझ्या एकानं काय फरक पडतोय?"

"तुमच्या गावची मर वेगळी असेल तर? आमच्या मरेत मिसळली तर मला कळायचं कसं, कोण कशानं मेलं?"

काका बांधावरून एक पाऊल मागं सरले. रोगालाही गाव असतं, हे त्यांना नवीन होतं. मलाही. मॅडमनी ते झाड कागदात गुंडाळून घेतलं, गावाचं नाव लिहून घेतलं, आणि मग तासभर त्या काकांना प्रश्न विचारत बसल्या. जमीन कसली, आधी काय होतं, पाणी साचतं का, शेजाऱ्याची मेली का. जाताना काका म्हणाले, "इतकं तर माझ्या जावयानं मला कधी विचारलं न्हाई."

शिंदे मॅडम भोकरदनकडच्याच, शेतकऱ्याच्या घरातून शिकलेल्या पहिल्या. बोलायला तुटक. पण प्रश्न विचारायची त्यांना चटक होती आणि ती सवय आम्हा मजुरांनाही लागायची. तुरीचं फूल चिमट्यानं उघडून आतले दहा परागकोष काढायला त्यांनीच मला शिकवलं. लटपटत्या हाताच्या माणसाला हे काम कसं जमणार, मला धास्ती वाटायची. त्या म्हणाल्या, "मार्क नाहीयेत याला. फूल मोडलं तर दुसरं घ्या." त्या दिवसापासून त्या कामात माझा हात कधी थरथरला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगतो.

मी आलो त्याच्या चौथ्या वर्षी. रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी तयार होत होती आणि माझं नाव त्यात होतं. मामांनीच शिफारस केली होती. त्या वर्षी मर प्लॉटच्या पेरणीला मी ओळींच्या तोंडाशी पाकिटं मांडत होतो. पेरणीचे नियम कडक. ज्या ओळीचं पाकीट त्याच ओळीत, उरलेलं बी परत त्याच पाकिटात, खाली सांडलेलं बी मातीत दाबायचं नाही, मोजून मामांना दाखवायचं. एका ओळीच्या तोंडाशी चार दाणे सांडलेले मला दिसले. आमच्याकडं दाण्यावर पाय पडू देत नाहीत. मी ते उचलले आणि डब्याच्या पिशवीच्या कप्प्यात टाकले. दुसरीकडून हाक आली, मी विसरलो.

पंधरा दिवसांत उगवण पुरी झाली. चेकच्या एका ओळीत हातभर जागा मोकळी दिसली, बी उगवलंच नव्हतं. याला नांगी म्हणतात. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, नांगी दिसली आणि माणूस तशीच सोडून गेला, तर आमच्या गावात त्याला आळशी म्हणतात. माझा बाप संध्याकाळी घरी येतानासुद्धा वाकून दोन रोपं खोचायचा. मी भाकरी सोडताना कप्प्यात हात गेला, चार दाणे हाताला लागले. पाऊस नुकताच पडून गेला होता, ओल चांगली होती. मी बोटानं चार भोकं केली, चार दाणे टोकले, आणि चांगलं काम केल्यासारखा उठलो.

घरचे दोन चांगले संस्कार. दोन्हींनी मिळून घात केला. संशोधनाच्या शेतात नांगी म्हणजे सुद्धा नोंद असते. ती भरायची नाही. हे मला मामांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण हातानं ऐकलं नव्हतं.

कार्तिकात तूर फुलावर आली आणि चेक मरायला लागला. आठ दिवसांत ओळीच्या ओळी वाळल्या. आणि एका सकाळी मॅडमची हाक आली.

"खरात मामा! इकडं या. जल्दी!"

मी जाळीच्या पिशव्या घेऊन मागं गेलो. मॅडम उकिडव्या बसल्या होत्या. त्या वाळक्या ओळीत तीन झाडं हिरवीगार उभी होती. पिवळी फुलं, बाहेरून लाल रेघांची.

मॅडमनी वर बघितलं. "मामा, इथं नांगी होती का? कोणी भरली का?"

"न्हाई मॅडम."

"नक्की? बियाण्यात भेसळ नव्हती, मी स्वतः पाकीट भरलंय. मग एकच राहतं, कोणी मधे बी घातलं असेल."

"बिलकुल न्हाई. माझ्या हाताखालचा माणूस नांगी भरत न्हाई. जबान देतो मी."

मामा हे बोलले तेव्हा मी त्यांच्या मागं दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. इतका विश्वास होता. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी हातातल्या जाळ्यांच्या गाठी सोडत राहिलो.

मॅडमनी वहीत लिहिलं. मग माझ्याकडून जाळ्या घेऊन ती तीन झाडं झाकली, म्हणजे मधमाशीनं दुसरा पराग आणू नये. म्हणाल्या, "हमखास मरणारी जात, त्यात तीन जगतात. का जगतात? कशानं?" त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "कोणाला बोलू नका इतक्यात. सोमवारी विद्यापीठातून पाहणी पथक येतंय. त्यांना दाखवू."

बोलू नका म्हटलं, पण मामांना राहवेना. दुपारी भाकरी खाताना म्हणाले, "पाव्हणं, आपल्या केंद्रातून आजपोत मोठं काही निघालं न्हाई. लोक म्हणतेत, नुसतं मारतेत. आता बघ. रिटायर व्हायच्या आधी हे बघायला भेटलं मला."

मी उरलेली भाकरी फडक्यात परत बांधली.

ते दाणे कोणत्या ओळीचे होते, हे मला आठवत नव्हतं. आणि खरं सांगतो, भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट वळवळत होती. ती म्हणजे उत्सुकता. मॅडम विचारत होत्या, का जगली? त्याचं उत्तर या शेतातच कुठंतरी उभं होतं आणि ते शोधू शकेल असा जगात मी एकटाच होतो. मी दुपारच्या सुट्टीत भाकरी सोडून ओळी फिरायला लागलो. तुरीची झाडं लांबून सगळी सारखी. जवळून बघितलं तर प्रत्येकाचा चेहरा वेगळा. कुणाची पाकळी कोरी पिवळी, कुणाच्या पाकळीच्या पाठीला एखाददुसरी लाल रेघ, कुणाची पाठच लाल. कुणाचं खोड जांभळट. कोवळी शेंग कुणाची हिरवी, कुणाची काळे पट्टे असलेली. मी तिन्ही झाडांचं मनात चित्र धरलं. जांभळट खोड, दाट लाल रेघा, शेंगेवर बारीक काळे ठिपके. पहिल्या दिवशी साठ ओळी बघितल्या. दुसऱ्या दिवशी पन्नास. चार वर्षं मी या ओळींमधून फिरत होतो, पण बघितल्या त्या तीनच दिवसांत.

घरी वच्छला, माझी बायको, माझं तोंड बघून समजली. सगळं सांगितलं. ती भंडाऱ्याचीच, तिची बोली अजून तशीच आहे.

"मंग सांगून टाका ना जी."

"यादीतलं नाव जाईल."

"आन् नाही सांगितलं तर जेवण जाते, झोप जाते. तुमाले खोटं पचत नाही, तुरीचं वरण पचत नाही. पचते काय तुमाले?"

"मामांनी जबान दिली आहे माझ्यासाठी."

यावर तिनं माझं भरलेलं ताट उचलून आत नेलं.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, प्लॉटच्या अर्ध्याच्या जरा पुढं ती ओळ सापडली. एकशे चौदा. खोड तसंच, फुलाची पाठ तशीच, शेंगेवरचे ठिपके तसेच. पूर्ण ओळ हिरवी उभी होती. मला भीती वाटायच्या आधी आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला. मी एक फूल तोडून तिकडं पळत गेलो, जाळीतल्या फुलाला लावून बघितलं. दोन सख्खी भावंडं.

मामा पंपाच्या खोलीत होते. मी सरळ सांगितलं. दाणे, पिशवी, नांगी, सगळं.

त्यांनी आधी पंप बंद केला. मग म्हणाले, "किती दाणे?"

"चार. एक उगवला नाही."

"परवा मी बोलून राह्यलो तवा तू मागं होता?"

"होतो."

"अन् गप बसला."

"हो मामा."

"मार खाल्ला असता तर परवडलं असतं," ते म्हणाले, पण कुणी कुणाचा मार, ते त्यांनी सांगितलं नाही. टोपी काढून झटकली, परत घातली. "चल."

"मी एकटा जातो. तुमचं नाव न घेता सांगतो."

"जबान मी दिल्ती. परत घ्यायलाबी मीच पाहिजे. तू काय घेणार माझी जबान?"

मॅडम वहीत डोकं घालून बसल्या होत्या. मामा दारातच उभे राहिले, खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत. "मॅडम, माझं बोलणं खोटं निघालं. नांगी भरलेली हाय. ह्यानं भरली. पण इचारलं मला होतं, तर खोटा मी."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "कोणतं बी?"

"एकशे चौदा."

"तुला आठवतंय?"

"नाही. शोधलं."

त्या उठल्या. तिघं शेतात गेलो. एकशे चौदामधलं एक फूल आणि जाळीतलं एक फूल त्यांनी वहीच्या पानावर शेजारी शेजारी ठेवलं. शेंगा उघडल्या, दाणे मोजले. बराच वेळ.

"दोनशे ओळींतून कशी काढली?"

"फुलाची पाठ बघत."

"किती दिवस?"

"तीन."

"मला विचारलं असतंस तर अर्ध्या तासात काढून दिली असती."

"तुम्हालाच तर विचारता येत नव्हतं मॅडम."

त्यांना हसू आलं. आलं, आणि लगेच गेलं. जाळ्या त्यांनी स्वतःच्या हातानं काढल्या. घडी करून मला दिल्या. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. मग वही उघडली. शेतातल्या वहीचा एक नियम आहे. लिहायचं पेन्सिलीनं, कारण शाई पावसात पसरते, पण खोडरबर जवळ ठेवायचा नाही. चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी काय झालं ते लिहून सही करायची. त्यांनी त्या तीन झाडांच्या नोंदीवर एक रेघ मारली आणि वही माझ्यापुढं केली.

"लिही."

"मी?"

"कोणी भरली?"

मी लिहिलं. 'ईथे नांगी मी भरली. दाने ओळ ११४ चे होते. चार टाकले तीन उगवले.' खाली नाव. त्यातल्या चुका त्यांनी दुरुस्त केल्या नाहीत.

सोमवारी पथक आलं. तीन झाडं मॅडमनी लपवली नाहीत. बांधावर उभं राहून पाहुण्यांना सगळं सांगितलं आणि वहीचं पान दाखवलं. पथकात एक पांढऱ्या केसांचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी माझ्या अक्षरातलं ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझ्या तरुणपणी अशाच दोन झाडांवर मी अडीच वर्षं घालवली. तेव्हा कोणी बोललं नाही." मग विचारलं, "हा माणूस कुठाय?" मी मागं खुर्च्या उचलत होतो. त्यांनी लांबून हात जोडले. मला काय करावं कळेना, मी खुर्चीसकट नमस्कार केला.

विद्यापीठाचा स्वभाव काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. तिथं इमारतीपेक्षा वही मोठी, आणि वहीत सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे मारलेली रेघ. एवढं मोठं गाडं, हजार माणसं, त्यात राजकारण आहे, आळस आहे, फायली वर्षानुवर्षं झोपतात. तरी ती रेघ कुणी खोडत नाही तोवर ते चालतं. आज मोबाइलवर नोंदी होतात, खुंटीवर काळ्या रेघांची बारकोडची चिठ्ठी असते, मोबाइल धरला की वाण कळतो. चांगलंच आहे. पण मजूर आता कंत्राटावर, हंगामाला बदलतात. नांगी का भरायची नाही, हे त्यांना कुणी बसून सांगत नाही. सांगणारा मुकादम राहिला नाही.

तेव्हा मात्र ऑफिसला नियम माहीत होते. माझं नाव यादीतून गेलं. मी पुढच्याच्या पुढच्या यादीत कायम झालो. त्याचं मला दुःख नाही, माझीच चूक होती. पण प्लॉटच्या नोंदीची जबाबदारी मुकादमाची, म्हणून मामांना मर प्लॉटवरून काढून गोठ्यावर पाठवलं. मॅडम भांडल्या. दोनदा मोठ्या साहेबांकडं गेल्या. मामा त्यांना म्हणाले, "राहू द्या मॅडम. बैल खोटं बोलत न्हाईत." हे त्यांनी माझ्यासमोर म्हटलं, माझ्याकडं न बघता.

मर प्लॉट माझ्याकडं आला. मॅडमनीच मागून घेतलं मला. मी रोज सकाळी गोठ्यावरून जाताना जय भीम घालायचो. मामा मान हलवायचे, बोलायचे नाहीत. पाव्हणं म्हणायचे नाहीत. पेरणीच्या दिवशी मी पाकिटं घेऊन त्यांच्याकडं गेलो, म्हटलं, "मामा, एकदा बघून द्या." ते म्हणाले, "माझी ड्युटी न्हाई." आणि वैरण टाकायला वळले. त्या वर्षी चेकच्या ओळींत सहा ठिकाणी नांगी पडली. सहाही मी वहीत लिहिल्या. रोज त्या मोकळ्या जागांवरून जाताना हात शिवशिवायचे, म्हणून मी हात मागं बांधून चालायचो. बाकीचे मजूर हसायचे, साहेब झाला म्हणायचे.

पुन्हा कार्तिक आला. चेक मरायला लागला. मी सकाळ-संध्याकाळ मोजायचो. नव्वद, शंभर, एकशे वीस. एका दुपारी शेवटचं झाड वाळलं. मी बांधावर बसून आकडा लिहायला वही उघडत होतो, तेवढ्यात सावली पडली. मामा होते. गोठ्याचे गमबूट घातलेले. बांधाच्या अलीकडं थांबले, ते गमबूट काढून ठेवले, आणि अनवाणी आत आले.

"मेला का?"

"मेला मामा."

"समदा?"

"सगळा. एकपण हिरवं नाही."

त्यांनी वही मागितली नाही. ओळीच्या या टोकाला गेले आणि चालायला लागले. प्रत्येक झाडापाशी थांबायचे, दोन बोटांनी खोड धरून हलवायचे, पुढं सरकायचे. नांगीपाशी आले की खाली बसून मोकळी माती हातानं चाचपायचे. मी जागचा हललो नाही. त्या टोकाला जाऊन ते वळले, दुसरी ओळ घेतली. ऊन कलेपर्यंत सगळे चेक त्यांनी असेच बघितले.

मग ते माझ्याजवळ आले, कमरेवर हात ठेवून त्या वाळून कोळसा झालेल्या ओळींकडं बघत राहिले.

"बराबर मेलंय," ते म्हणाले. आणि खिशातली एक पेन्सिल काढून माझ्यापुढं धरली. "लिही आता."